मिठागराखालची शाळा

मी दुसरीत असताना भाईंदरच्या मिठागराखाली एक शाळा काढली. सात मजली, आणि सातही मजले जमिनीच्या पोटात. आज मीरा रोडला ज्या शाळा आहेत, ज्यांच्या फाटकावरचा वॉचमन आईबापांना उन्हात तासभर उभं करतो, त्या सगळ्या माझ्या शाळेच्या मोरीत मावल्या असत्या. मुलांनी तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. जेवायला रोज ताजा सरंगा, म्हणजे पापलेट, आणि भाकर संपली असं म्हणायची तिथल्या स्वयंपाकिणीची हिंमत नव्हती. हेडमास्तर होता एक म्हातारा बगळा. एका पायावर उभा राहून शिकवायचा. वर्गात कुणी पेंगलं की त्याचा दुसरा पाय हळूच खाली यायचा. तो पाय खाली येताना ज्यांनी पाहिला त्यांतलं एकही पोर पुन्हा कुणाला दिसलं नाही, त्यामुळे पुढं काय होतं ते मला विचारू नका.

या शाळेत कुणालाही घेत नव्हते. अंगात काहीतरी घेऊन जन्माला आलेल्यांनाच तिथं प्रवेश. भरतीचं पाणी खाडीच्या तोंडाशी असतानाच ज्याला ऐकू येतं असा एक पोरगा होता. जिभेवर मिठाचा खडा ठेवला की तो मिठागरातल्या कुठल्या कोंडीतून, म्हणजे वाफ्यातून, ओढला आणि ओढणाऱ्याचं घरी भांडण झालेलं होतं का, हे सांगणारी एक पोरगी होती. कोंडीत मीठ धरायला लागलं की वर जी पातळ साय येते, तिच्यावरून सायीला तडा न जाऊ देता चालत जाणारी जुळी भावंडं होती. आणि गोष्ट सांगून समोरच्याला जागच्या जागी बांधून ठेवणाऱ्या मुलीसाठी एक जागा होती. ती जागा कुणासाठी राखून ठेवली होती हे सांगायला नको. अर्ज नाही, परीक्षा नाही, वशिला नाही. शाळेची बाई आपल्या पायांनी घरी येते. पांढरी साडी नेसून ओट्यावर टेकते आणि विचारते, "गोष्टी सांगणारी मुलगी ह्याच घरात ना?"

हा प्रश्न लक्षात असू द्या. तो मी बनवला होता, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आमचं घर मिठाचं. म्हणजे माणसं मिठाची, भिंती मिठाच्या, दाराच्या कड्या मिठानं खाल्लेल्या. उन्हाळ्यात घरात पाच मिनिटं उघडी ठेवलेली काकडी आपोआप कोशिंबीर व्हायची. मोठा काका घर चालवायचा. माझा बाप मीठ वाहणाऱ्या पडावावर, त्या मोठ्या होडीवर, असायचा, महिन्यातून काही दिवस घरी दिसायचा, आणि आला की इतका कमी बोलायचा की खाडीला तोंड फुटलं तरी ह्याला फुटायचं नाही असं माझी आय म्हणायची. काकाची मंदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गोरी, लांब केसांची, आणि शांत. इतकी शांत की एकदा तिला घरात विसरून आम्ही सगळे जत्रेला गेलो आणि परत आलो तरी तिनं तक्रार केली नाही. मी काळी, काडीसारखी, आणि बोलायला लागले की कावळे उडून जायचे. काकी म्हणायची, "ही चंद्री मेली तरी हिची जीब तीन दिवस बोलंल."

दुपारी सगळी माणसं मिठागरावर. लाकडी फावड्यांनी मीठ ओढल्याचा खर्रर्र खर्रर्र आवाज दूरवर चालू असायचा, जसं कुणी राक्षस दात घासतोय. आम्ही पोरी बांधावरच्या झोपडीत जवळा निवडत बसायचो. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी सुकी कोळंबी. तिच्यातला कचरा काढायचा म्हणजे एका आयुष्यात न संपणारं काम, म्हणून मी शाळा सुरू करायची. सात दारं, प्रत्येक दाराशी एक अडचण, आणि प्रत्येक अडचणीला अंगात वेगळं काहीतरी असलेलं पोर. मंदा आंबिल पिऊन आलेली असायची. पहिल्या दाराला ती टक लावून ऐकायची, तिसऱ्याला तिचे डोळे जड व्हायचे, आणि सहावं दार उघडेपर्यंत तिचं डोकं जवळ्याच्या टोपलीत. रोज. माझं सातवं दार तिनं कधी ऐकलं नाही. ते ऐकायला मी, झोपडीचं छप्पर आणि उन्हानं फुगलेलं मीठ, इतकेच जागे असायचो.

आमच्या गावच्या शाळेत एकच गुरुजी. चार इयत्ता एकाच खोलीत, आणि चारही इयत्तांना माझी शाळा पाठ, कारण गुरुजी तंबाखू मळायला बाहेर गेले की वर्ग माझ्या ताब्यात. गुरुजी एकदा दाराआड उभे राहून ऐकत होते हे मला नंतर कळलं. गुरुजींचा दुसरा धंदा म्हणजे सोयरिकी जुळवणं. कुठल्या घरात किती पोरी, कुणाचं वय काय, कुणाचा स्वभाव कसा, हे त्यांना हजेरीमुळे तोंडपाठ. खाडीच्या ह्या काठावरची अर्धी लग्नं गुरुजींनीच लावलेली. त्यामुळे एका शनिवारी ते आमच्या ओट्यावर आले, काकाकडून पान घेतलं आणि म्हणाले, "उद्या दुपारी घरी थांबा. लांबून पाहुणे येतायत. पोरीचं सोनं होईल," तेव्हा आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. कुठल्या पोरीचं ते काकानं विचारलं नाही. तेव्हा आमच्यात दहा-अकराव्या वर्षीच पोरी बघायचे, आणि घरात थोरली आहे म्हटल्यावर धाकटीचं कोण बोलेल? आणि गुरुजी स्वतः रविवारी कुणाच्या तरी साखरपुड्याला वसईला जाणार होते.

रविवारी घर धुतलं. सांदणं झाली. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचा तो वाफाळता वास मला आजही आला की मी खिडकी लावून घेते. मंदाला काकीची जरीची साडी नेसवली, तिच्यात ती गुंडाळून ठेवलेल्या गादीसारखी दिसत होती. आणि मला माळ्यावर चढवलं. ही आमच्यातली रीतच होती. थोरलीला बघायला पाहुणे आले की धाकटीला लपवायचं, कारण पाहुण्यांची नजर कधी धाकटीवर पडली तर थोरली घरात राहते. माझ्या रूपाकडे बघून कुणाची नजर पडली असती असं कुणालाच वाटत नव्हतं, पण रीत ती रीत. आयनं मला वर ढकललं आणि शिडी काढून घेतली. काकी खालून म्हणाली, "आवाज केलास ना चंद्रे, तं मंदीचं मोडंल. मंग तुला आयुष्यभर माल्यावंच ठेवीन."

माळ्यावर सुक्या बोंबलांची पोती, फाटकी जाळी आणि मोडकी फावडी. फळ्यांमध्ये दोन बोटांची फट होती. मी पालथी पडले आणि डोळा लावला.

आणि ओट्यावर पांढरी साडी दिसली.

मी वाढवून सांगते हे सगळ्या भाईंदरला माहीत आहे. हे सांगताना मी तिच्या हातात एक काळी छत्रीही देते, ती मी नंतर घातली, हे कबूल. पण साडी पांढरीच होती, बारीक निळ्या काठाची. सोबत टोपी घातलेले एक म्हातारे कारकून होते. काकानं त्यांना सासरा समजून घरातला एकुलता एक स्टूल दिला, आणि ते बिचारे शेवटपर्यंत त्याच्यावर तोल सांभाळत बसले. बाईंनी पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोष्टी सांगणारी मुलगी ह्याच घरात ना?"

माझ्या अंगातलं रक्त पायांतून फळ्यांवर सांडलं. खाली टपटप आवाज कसा झाला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

काकाला प्रश्न विचित्र वाटला. आमच्याकडे मुलीला चालून दाखवायला सांगायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे, केस सोडून बघायचे. गोष्ट कुणी मागितली नव्हती. पण लांबची माणसं, शहरातली पद्धत असेल. "ह्याच घरात, ह्याच घरात," तो म्हणाला आणि मंदाला पुढं केलं. मंदा मान खाली घालून चटईवर बसली. बाईंनी नाव विचारलं. इयत्ता विचारली. मग म्हणाल्या, "तुमच्या गुरुजींनी फार कौतुक केलं तुझं. मला पण सांग की एखादी."

मंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दाराआडून काकी कुजबुजली, बरोबर माझ्या डोक्याखाली, "सांग ना गो! त्या चंद्रीची आयकतेस ती सांग. शालेची."

आणि मंदानं सांगितली.

पाढे म्हणावेत तशी सांगितली. मान वर न करता, सूर न बदलता, बगळ्याच्या पायाशी आली तरी हसू न येऊ देता. पहिलं दार, दुसरं दार, मिठाची साय, जिभेवरचा खडा. मी वर पालथी पडून माझ्याच शब्दांना ओठ हलवत होते. एखाद्याच्या घरी जावं आणि आपलीच भांडी तिथं मांडलेली दिसावीत, तसं. पण काय सांगू, माझी गोष्ट इतकी भक्कम होती की मंदाच्या तोंडूनसुद्धा उभी राहिली. कारकुनांनी स्टुलाला घट्ट धरलं. काकाचं पान तोंडातच राहिलं. बाई पुढं झुकल्या. सहावं दार उघडलं आणि मंदा थांबली. थांबणारच. तिथून पुढं तर ती टोपलीत डोकं घालून घोरायची.

"आणि सातव्या दाराच्या मागं?" बाईंनी विचारलं.

मंदानं बराच वेळ चटईच्या काड्या मोजल्या. मग म्हणाली, "ते कुनाला ठावं न्हाय."

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले की काच पुसली ते वरून दिसलं नाही. "इथं थांबायचं हे तुला कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या. कुणी शिकवलं! आंबिलानं शिकवलं.

"आमची पसंती आहे," बाई काकाला म्हणाल्या, आणि हा शब्द त्यांच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत काकी दाराआडून वाटी घेऊन आली आणि तिनं बाईंच्या तोंडात साखर घातली. कारकुनांच्याही घातली. आमच्यात पाहुण्यांनी पसंती दिली आणि घरच्या बाईनं साखर घातली की शब्द पक्का. मग मुलगी बदलायची नाही, मागं फिरायचं नाही. एका घरानं पूर्वी बदलली होती. त्या घरचं पाणी गाव अजून पीत नाही. बाई साखर चघळत, हसत म्हणाल्या, "मग जूनमध्ये पाठवा. शाळेतच राहायचं, जेवणखाण, कपडे, पुस्तकं, सगळं आमच्याकडे. हुशार मुलींसाठीच आहे आमची शाळा."

"बरं, बरं," काका म्हणाला. "आन् नवरा?"

"कुणाचा नवरा?"

तेव्हा मी खाडीचं पाणी चढताना ऐकलं. खोटं नाही सांगत. ओहोटी होती तरी ऐकलं. खाली एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं. शेवटी काकाच्या. सगळ्यात आधी काकीच्या. पुढं कितीतरी वर्षं मला असा संशय येत राहिला की काकीच्या चेहऱ्यावर साखरेच्या आधीच उजाडलं होतं. एवढ्या झटपट कुणी वाटी आणतं का?

मग मी ओरडले. त्या ओरडण्यानं आमच्या घराची दोन कौलं उडाली आणि एक थेट उत्तनच्या चर्चवर जाऊन पडलं, असं मी नातवंडांना सांगते. खरं म्हणजे घसा सुकलेला होता. बोंबलांच्या वासात दीड तास पालथी पडले होते. शब्द निघालाच नाही. एक चिरका, फाटका आवाज निघाला आणि मी फळीवर मूठ आपटली. बाईंनी वर पाहिलं. त्यांची नजर सरळ फटीशी आली. माझ्या डोळ्याशी.

"वर कोण आहे?"

काका काकीकडे बघायला लागला. काकी मंदाकडे. मंदा चटईकडे. आणि सांदणांची ताटली घेऊन दारात उभी असलेली माझी आय म्हणाली, "मांजर हाय, बाय. वर सुकं म्हावरं हाय ना."

आणि तिनं ताटली पुढं केली.

मंदा जूनमध्ये गेली. पत्र्याची नवी ट्रंक, दोन वेण्या, आणि माझी शाळा. सुट्टी संपून गावची शाळा उघडली तेव्हा गुरुजी भेटले. मला बघून त्यांनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "मी म्हटलं होतं त्या घरातली बोलकी मुलगी," ते म्हणाले. "नाव नव्हतं सांगितलं. मला वाटलं, बघितल्यावर कळेलच." बरोबर आहे, बघितल्यावर कळलंच असतं.

आयला मी खूप उशिरा विचारलं, दोन मुलं झाल्यावर. तोवर मी चेण्याला नांदत होते आणि गोष्टी सांगायला म्हशी होत्या. आय बोंबील साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मंदी गेली तं मंदी परत येनार, ठावं होतं. तू गेली असतीस तं तू परत न्हाय आली असतीस." सगळे म्हणतात ही माया. असेल. माझ्या मनातला खडा मिठाचा असता तर एवढ्या वर्षांत विरघळला असता.

मिठागर गेलं. त्याच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. आता आम्ही सिल्व्हर पार्कला चौथ्या मजल्यावर राहतो. खाली नया नगरचा पाववाला सायकलची घंटी वाजवतो, समोरची गुजरातीण माझ्याशी हिंदीत बोलते, मी तिच्याशी हिंदीसारखं काहीतरी बोलते. गेल्या वर्षी माझी नात रिया शाळेतून एक पुस्तक घेऊन आली. इंग्रजी मीडियमची पोरगी. मराठीच्या मार्कांसाठी मोठ्यानं वाचायला सांगितलेलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन अडखळत वाचत होती आणि मी वाटाणे सोलत होते. दुसऱ्याच पानाला वाटाणे खाली गेले.

डोंगरातली शाळा. दगडी, मनोरे असलेली, बर्फातली. अंगात काहीतरी असलेली मुलं. सात दारं. माझा बगळा गरुड झालेला, दोन्ही पायांवर उभा. माझा सरंगा जाऊन केक आलेला. मिठाचा एक खडा नव्हता कुठं, इतकं अळणी. मागच्या कव्हरवर मंदाचा फोटो, पांढरे केस, चष्मा. मुलांची लाडकी लेखिका.

"आजी, हे मस्त आहे ना?" रिया म्हणाली. "यात एक कॅट पण आहे. ती माळ्यावर राहते आणि तिला सगळं माहीत असतं. पण ती कधीच बोलत नाही. सो क्यूट."

मी म्हटलं, "हो गं बाई. लई गोड."

पुस्तकाच्या शेवटी सातव्या दारामागे काय ते कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या लोकांनी त्याचं कौतुक केलंय म्हणे, की मुलांच्या कल्पनेला मोकळं सोडलं. 

परवा मंदाचा फोन आला. पुण्याहून. आधी गुडघे झाले, मग शुगर झाली, मग कोण कोण गेलं त्यांची उजळणी झाली. पन्नास वर्षं पुण्यात राहून तिची भाषा इस्त्री केल्यासारखी झालीय. मी मात्र तिच्याशी मुद्दाम गावचंच बोलते. शेवटी ती घुटमळली.

"चंद्रा, एक विचारायचं होतं. प्रकाशक मागे लागलेत, दुसरा भाग हवाय त्यांना. ते सातवं दार... तू झोपडीत सांगायचीस ना. त्याच्या मागे काय होतं गं?"

माझ्या हातात फोन, समोर खिडकी, खिडकीत जिथं आमची शेवटची कोंडी होती तिथली पार्किंगची जागा. दारामागचं सगळं मला दिसत होतं, जसं तेव्हा दिसायचं, एकही फळी न हललेली. मी म्हटलं, "मना न्हाय आठवत गो. मना पन झोप लागायची तवा."

मग मंदाची इस्त्री मोडली. तिच्या तोंडून एकदम झोपडीतला आवाज आला, जवळ्याच्या वासाचा.

"खोटारडी हायेस तू चंद्रे. लहानपनापासून."

"मंग," मी म्हटलं, "मनाच न्यायाला पायजे होतं ना त्यांनी."